कट म्हणेपर्यंत

"बाप दुकानात असतानाच निघायचं. मागच्या दारानं."

दाराआडून एवढं ऐकलं आणि लाँड्रीवाल्याच्या हातातला इस्त्रीचा गठ्ठा निसटता निसटता राहिला. आत त्याची लेक होती आणि तिच्या कॉलेजातले दोघं, चष्मिश आणि लंबू. बोलत होती ती चष्मिश.

गडी मुळातच शंकेखोर. धुवायला आलेल्या कपड्यांचे खिसे चाचपून चाचपून माणसंही चाचपायला लागलेला. त्यात लेकीला लांबच्या शहरात ध्वनिमुद्रण शिकायला प्रवेश मिळाला होता. "पोरीच्या जातीनं परगावी जाऊन भोंगे लावायचे?" म्हणून यानं तिची सर्टिफिकेटं कपाटात कोंडली होती आणि किल्ली गळ्यात अडकवली होती.

त्यानं दार ढकललं. भिंतभर चित्रं चिकटवलेली. मागचं दार, बोळ, थांब्यावरची बस, खांद्याला बॅग लावून पळणारी मुलगी.

"हे काय चाललंय?"

"आमच्या गाण्याचा व्हिडिओ, काका," लंबू म्हणाला. "गाण्यातली मुलगी घर सोडते."

"आणि थांब्यावर बसच्या वेळा विचारत फिरता ते?"

"रिसर्च. मागून खरी बस गेली पाहिजे. भाड्यानं आणायची तर आधी आम्हालाच विकावं लागेल."

कोपऱ्यात लाँड्रीवाल्याची आई खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. पोरीवर नजर ठेवायचं काम त्यानंच तिला दिलेलं. शाळा तिनं लांबूनच पाहिली होती, पण तिच्या नजरेतून कपड्यावरचा डाग सुटत नसे की माणसाच्या पोटातलं.

"आई, खरं आहे का हे?"

"खोटं असायला काय झालं? तेच ते दोन ओळींचं रडगाणं ऐकून कान किटले माझे. यांना बाप सापडेना म्हणून अडलंय. तू उभा राहा. तोंड तुझं आयतंच आंबट आहे, रंग फासायला नको."

नाही नाही म्हणता तो आरशासमोर भांग पाडायला लागला.

पहिल्या प्रसंगात बाप मुलीचे कागद हिसकावून कपाटात टाकतो. कोरे कागद त्याच्याच मनाला पटेनात. मग त्यानं खरी सर्टिफिकेटं बाहेर काढली, लेकीच्या हातात दिली आणि पुन्हा पुन्हा हिसकावली. लेकीच्या डोळ्यांत पाणी आलं तेव्हा लंबू खूश झाला. एवढ्यात गिऱ्हाईक आलं.

"तू जा, मी ठेवते आत," आई म्हणाली. किल्ली तिनं आठवणीनं परत केली. त्यानं तरी जाऊन कुलूप ओढून पाहिलंच.

दुसऱ्या दिवशी पळण्याचा प्रसंग होता. बाप पाठमोरा इस्त्री करतोय आणि मागे लेक निघून जाते.

"कट म्हणेपर्यंत वळायचं नाही, काका," चष्मिशनं बजावलं. "वळलात की सगळं पहिल्यापासून."

कट म्हणायचं काम आईनं मागून घेतलं होतं. "जन्मभर याला गप्प बस म्हणत आले, कधी ऐकलं नाही. आता ऐकेल."

पहिल्या तालमीला त्यानं हळूच मागे पाहिलं. लेक बोळाच्या टोकापर्यंत पळाली आणि धापा टाकत परत आली. दुसऱ्यांदाही आली. त्याच्या जिवात जीव आला.

"बॅग बघ कशी उडतेय," आई म्हणाली. "रिकामी आहे हे आंधळ्यालाही कळेल. भर जा काहीतरी."

लेक बॅग भरून आली. लंबू म्हणाला, "आता खरं."

त्यानं पाठ वळवली. इस्त्री फिरू लागली. मागे पावलं क्षणभर थबकली, मग बोळातून पळत गेली. त्यानं शिकवल्याप्रमाणे खांदे पाडले. शर्टाची कॉलर झाली, बाह्या झाल्या. दुसरा शर्ट झाला.

"आई, संपलं का?"

"वळू नकोस. सगळं पहिल्यापासून करावं लागेल."

थांब्यावर बसचा हॉर्न वाजला. बस घरघरली, कोपऱ्यावरून वळली, आणि तिचा आवाज लांब जात जात विरून गेला.

"कट," आई म्हणाली.

तो हसत वळला. लंबू आणि चष्मिश जमिनीकडे बघत उभे होते, आणि कॅमेऱ्याचं झाकण लावलेलंच होतं.