दुसरी बाजू

“सत्याला नेहमी दुसरी बाजू असते!” आरशासमोर हात उंचावून दिगंबरपंत गरजले. संध्याकाळी ग्रंथालयात एका कादंबरीवर त्यांचं व्याख्यान होतं आणि भाजी निवडता निवडता कुमुदबाईंना ते आधीच ऐकावं लागत होतं.

“मोडलेल्या संसाराची ही गोष्ट नवरा सांगतो. देवमाणूस! बायको मात्र शेवटपर्यंत अवाक्षर बोलत नाही. तिचं हे मौन, हीच लेखकाची कमाल!”

“बोलते की, चांगली दीडशे पानं. आणि देवमाणूस कसला, पक्का लबाड आहे मेला! ग्रंथालयाचं पुस्तक मधोमध उसवलंय. तिचा भाग माझ्या उशाशी आहे.”

पंतांचा हात हळूच खाली आला. व्याख्यानाला येणाऱ्या बायकांनीच तर ते वाचून वाचून उसवलं होतं.

“आणू का?” कुमुदबाईंनी विचारलं.

पंतांनी घड्याळ पाहिलं. “अगं, आता एवढं कुठं वाचत बसू? दोन वाक्यांत सांग ना, काय म्हणते ती.”