शिंग्याची नजर

मुलगी परगावी नोकरीला गेली आणि तिचा शिंगवाला बेडूक, काचेच्या पेटीसकट, बापाच्या गळ्यात पडला. "बाबा, शिंग्याला फक्त हललेलंच दिसतं," ती बजावून गेली. "गांडूळ चिमट्यात धरून हलवा, नाहीतर तो ढिम्म बसून राहील."

शिंग्या मुलखाचा खादाड. दिसेल त्यावर तुटून पडायचा, चिमट्यालाही चावायचा. भीती म्हणून त्याला ठाऊक नव्हती.

चार वाजले की मात्र तो समोरचं गांडूळ सोडून शिलाई मशीनकडे वळायचा. मग तिथून सावकाश स्वयंपाकघराच्या दाराकडे. बायको होती तेव्हा याच वेळेला शिवण थांबवून चहा टाकायला उठायची.

"पडदा हलत असेल, बाबा," मुलगी फोनवर म्हणाली. त्यांनी पडदा काढला, पंखा बंद केला. तरी शिंग्या वळायचा तो वळायचाच. पुढे पुढे त्यांना त्या चार वाजण्याची सोबत वाटू लागली.

आज सकाळी त्यांनी मशीन देऊन टाकलं. नुसतं धूळ खात पडलं होतं.

चार वाजता शिंग्या त्या मोकळ्या जागेकडे वळला आणि बराच वेळ तसाच राहिला. मग दाराकडे न जाता तो इंचाइंचाने त्यांच्या खुर्चीकडे वळू लागला. ते श्वास रोखून बसले होते. त्यांच्या खांद्यामागे त्याची नजर येऊन थांबली.

शिंग्या मागे सरकला. मागच्या पायांनी माती उकरत तो खाली खाली गेला, आणि शेवटी त्याने डोळेसुद्धा मातीत ओढून घेतले.