फुटलेली काच

नेवाडातल्या त्या वाळवंटी गावात टपाल घरी येत नसे, आणि पोस्टात जाताना सगळेच एसीसाठी गाडी सुरूच ठेवून जात. मार्लीस झोपलेल्या बाळाला तशाच सुरू गाडीत ठेवून गेली. परतली तर इंजिन बंद पडलेलं, काच फुटलेली, आणि बेवडा ऑर्व्हिल घामाने निथळणाऱ्या बाळाला सावलीत वारा घालत बसलेला.

तिने बाळ उचललं, तोच शेरीफ आला.

"काय रे बेवड्या, आज काचेवर राग?"

बाळ गाडीत एकटं होतं हे कळलं, तर सरकार ते काढून घेईल. मार्लीसने बाळाला घट्ट कवटाळलं.

"जरा जास्त झाली, साहेब," ऑर्व्हिल रक्ताळलेला हात पुसत म्हणाला. "बाळ बाईंच्या कडेवरच होतं."

"खरं का हो, बाई?"


मार्लीसने मान खाली घातली आणि म्हणाली, "हो."