ठणका

"मॅडम, जखमेतून पिवळं, घट्ट काहीतरी येतंय. निदानाचं मशीन म्हणतं, असा आजारच नाही," तरुण डॉक्टर मुजावर स्क्रीनवरून म्हणाला.

निवृत्त सर्जन तळवलकरबाईंनी थकून डोळे मिटले. "ठणका आहे?"

"म्हणजे?"

"नाडी उडाल्यासारखं दुखतं. हात खाली सोडला की जास्तच."

"हो, अगदी तसंच."

"पू झालाय. जंतूंवरची लस आल्यामुळे तुमच्या पिढीनं तो पाहिलाच नाही. चिरा द्यावा लागेल. पेशंट कुठंय?"

मुजावरनं आपला सुजलेला डावा अंगठा दाखवला. त्याच्या मागे बाकांवर कितीतरी माणसं एकेक हात उंच धरून बसली होती.

बाईंनी स्वतःच्या थरथरत्या हातांकडे पाहिलं.

"पाणी उकळायला ठेव," त्या म्हणाल्या. "मी सांगते, तू काप. आधी स्वतःचा."