पहिल्या रांगेतली खुर्ची

पियानोच्या पोटात डोकं घालून तिनं तारांमध्ये शेवटचा रबराचा तुकडा बसवला, स्टुलावर बसली आणि पेडल दाबून बघितलं. तेवढ्यात दाराशी आवाज आला, “उजवं पेडल कुरकुरतंय. तेल घालायला सांग.”

हा आवाज तिनं झोपेतही ओळखला असता.

“बाबा, कान अजून तसेच तिखट आहेत हं तुमचे.”

बाबांबरोबर आत आलेली आई उगाचच पर्समध्ये काहीतरी शोधू लागली.

बाबांनी या विद्यापीठात आयुष्यभर पियानो शिकवला होता. निवृत्त झाल्यावरही संगीत विभागातली माणसं त्यांना बघितलं की हातातला कप खाली ठेवत. आता केस पांढरे झाले होते आणि वाढलेही होते, पार कानांवर आले होते.

“केस वाढवलेत? म्हातारपणी कलावंत व्हायचा विचार आहे का?”

“न्हाव्याशी भांडण झालंय,” बाबा म्हणाले. ते काही नवल नव्हतं. बाबांचं ज्याच्याशी भांडण झालेलं नाही, असा माणूस शोधायचा तर कंदील घेऊन निघावं लागलं असतं.

ती हसली. आजच्या काळातल्या रचनाकारांचं संगीत वाजवत ती देशोदेशी फिरे आणि कुठल्याही सभागृहाची तिला भीती वाटत नसे. या एकाच सभागृहाची वाटायची. दादा गेला त्याच्या पुढच्या वर्षी तिनं इथेच त्याची रचना वाजवली होती. दादा संगीत लिहायचा आणि बाबांना त्यातलं एक पान पसंत पडायचं नाही. “मांडणीवरची भांडी पडली की असाच आवाज येतो,” असं ते म्हणायचे. बापलेकांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. भांडण मिटवायला अजून वेळ आहे असं दोघांनाही वाटत राहिलं, आणि दादा गेला.

त्या रचनेच्या मधोमध एक लांबलचक शांतता आहे. वाजवणाऱ्यानं हात मांडीवर ठेवून नुसतं बसायचं. त्या दिवशी नेमके तेव्हाच बाबा उठले. लाकडी जमिनीवरून दारापर्यंत गेलेली त्यांची पावलं साऱ्या सभागृहानं ऐकली. त्यानंतर बापलेकीत बोलणं असं उरलंच नाही. जे काही असेल ते आईच्या मार्फत.

आज विद्यापीठानं तिला पुन्हा बोलावलं होतं, आणि तिनं तीच रचना निवडली होती. तिला टाळ्या नको होत्या. बाबांनी दादाला एकदा, एकदाच, शेवटपर्यंत ऐकावं, एवढंच हवं होतं.

“बसाल ना?” तिनं विचारलंच.

“खुर्ची दिलीय तर बसेन की.”

“मध्येच उठायचं असेल तर आधीच मागे बसा, बाबा. ते मला पुन्हा सोसणार नाही.”

बाबा आईकडे वळून म्हणाले, “डबी घेतलीस ना?”

“घेतलीय,” आई म्हणाली. मग हिच्याकडे बघून, “खोकल्याच्या गोळ्या गं. ऐन वेळी ढास लागायला नको.”

तिला भरून आलं. दादाच्या शांततेत खोकला येऊ नये म्हणून बाबा गोळ्या घेऊन आले होते.

सभागृह भरलं. बाबा पहिल्या रांगेत, आईच्या शेजारी. दिवे मंद झाले तेव्हा आईच्या पर्सचा चाप बंद झाल्याचा आवाज तिच्यापर्यंत आला. तिनं सुरुवात केली.

रचना सोपी नव्हतीच. रबर बसवलेल्या तारा लाकडावर ठोकल्यासारख्या वाजत, आणि मधूनच एक साधीशी धून डोकावून जाई, लहान मूल खेळता खेळता गुणगुणतं तशी. जेवणाच्या टेबलावर बोटं आपटत बसणारा दादा तिला दिसू लागला. ताट गार व्हायचं, आई ओरडायची, याचं आपलं चालूच.

शांतता आली. तिनं हात मांडीवर ठेवले आणि पावलांची वाट बघत बसली.

पावलं वाजली नाहीत. वाजला तो कुणाचा तरी मोबाईल, आणि तोही चांगला खणखणीत. सगळ्या माना गर्रकन वळल्या. विभागप्रमुखांनी तर कपाळावर हात मारून घेतला. एकेकाळी वर्गात पेन्सिल पडली तरी पोराला बाहेर काढणारे बाबा मात्र हलले नाहीत. डोळे मिटलेले, कपाळावर एक आठी नाही. इतके रमले होते ते.

शेवटचे सूर तिनं रडतच वाजवले.

टाळ्या सुरू झाल्या तरी बाबा तसेच. आईनं कोपराला हात लावला तेव्हा दचकले, उठून उभे राहिले आणि सगळ्यांच्या टाळ्या थांबल्या तरी वाजवत राहिले. त्यांचे गाल ओले होते.

मागच्या खोलीत येऊन त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

“शांतता छान घेतलीस,” ते म्हणाले, जरा मोठ्यानंच.

तिनं त्यांच्या खांद्यात तोंड खुपसलं. “आणि शेवट, बाबा? शेवट कसा वाटला?”

“दमली असशील,” बाबा म्हणाले. “जेवून घे.”

त्यांना बोलवत नाहीये, हे ती समजली आणि पुन्हा काही विचारलं नाही. इतक्या वर्षांनी तिच्या छातीवरचा दगड उतरला होता. दादाही आता सुटला असेल, असं तिला वाटलं.

दोघं गेल्यावर खुर्चीवर आईचा स्वेटर राहिलेला दिसला. तो घेऊन ती मागच्या जिन्यानं धावली. ते खाली बाकावर बसले होते, तिच्याकडे पाठ करून. आईनं पर्समधून डबी काढली. बाबांनी निमूटपणे मान एका बाजूला कलवली, मग दुसऱ्या. कानांवरचे केस मागे सारून आईनं डबीतली दोन्ही श्रवणयंत्रं एकेक करून त्यांच्या कानांत बसवली.

“आता सांग,” बाबा म्हणाले, “कसं लिहिलंय आपल्या पोरानं?”