आधी कॉम्प्युटर, मग दाढ

कॉम्प्युटर रिस्टार्टला टाकून बराच वेळ झाला, तरी पडद्यावरचं चक्र गरगरतच होतं. त्यातच पेशंट म्हणून आलेल्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याच्या दाढेचा एक्सरे अडकला होता. दवाखाना दातांचा, गाल सुजलेला, फोटो काढून झालेला. पण तो नीट बघितल्याशिवाय दाढेला हात लावता येत नव्हता.

"रोज हेच," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "अनायासे तुम्हीच आलाय, भाऊ, तर बघा जरा."

खुर्चीतून तो इतक्या चपळाईने उतरला, की दुखतंय नक्की कोणाला असं वाटावं.

पडदा एकदाचा आला, पण एक्सरे उघडेना. दोष त्याला पहिल्या नजरेतच दिसला. एका घरात दोन सवती नांदाव्यात तसे दोन अँटिव्हायरस, कधीच भंगारात गेलेल्या प्रिंटरचे प्रोग्राम, वर काउंटरवरच्या काकूंचा पत्त्यांचा डाव. मशीन सुरू झालं की सगळे एकदम दारात गर्दी करत. काम किरकोळ. पण किरकोळ म्हणावं, तर पुढे दाढ.

"अवघड आहे," तो गंभीरपणे म्हणाला. "दुकानात न्यावा लागेल. परवा आणून देतो. दाढेचं काय, तेव्हा बघू." आणि त्याने वायरी सोडवायला घेतल्या.

काउंटरवरच्या काकू म्हणजे डॉक्टरीणबाईंच्या सासूबाई. आलेला माणूस दुखण्याने किती कण्हतोय आणि भीतीने किती, याची वजाबाकी त्या तो दारात असतानाच उरकत.

"दुखतंय कुठे आणि नेताय काय!" त्या म्हणाल्या. "राहू द्या, भाऊ. नसेल जमत तर तसं सांगा. मागच्या गल्लीत नवीन दुकान आलंय. तो म्हणे बसल्या जागी करून देतो."

त्याचा हात वायरीवर थांबला. "बसल्या जागी? मग आम्ही काय उभ्याने करतो?"

वायरी जागच्या जागी गेल्या. एका सवतीला त्याने घराबाहेर काढलं, प्रिंटरची भुतं उतरवली, पत्त्यांना बोलावल्याशिवाय यायचं नाही अशी तंबी दिली.

"आई, मागच्या गल्लीत कुठलं दुकान?" सूनबाईंनी हळूच विचारलं.

"येईल की कधीतरी."

त्याने रिस्टार्ट दाबलं. काकूंचा पाण्याचा पेला तोंडाशी जाईपर्यंत मशीन उठून बसलं. जोशात एक्सरेही त्यानेच उघडला. मुळापर्यंत किडलेली दाढ पडदाभर उभी राहिली.

"बघा!" तो म्हणाला.

सगळ्यांनी बघितलं. मग त्यानेही बघितलं.

"या," म्हणत डॉक्टरीणबाईंनी खुर्चीवरचा दिवा खाली ओढला.

थोड्या वेळाने पुढचा पेशंट आला. "काय काकू, कॉम्प्युटर उठलाय का आज? मागच्या खेपेला वाट बघता बघता माझी दाढ दुखायचीच थांबली होती."

"यांनाच विचारा," काकूंनी बाकाकडे बोट केलं.

बाकावर तो कापसाचा बोळा दातांत दाबून बसला होता. बोलायची सोय नव्हती. त्याने हात वर केला आणि चुटकी वाजवली.