मिरचीला बंदी

गडाच्या दरवाजातच वैजयंताने राजाची झडती घेतली आणि त्याच्या शेल्यातून ठेच्याची डबी निघाली. "अहो, यादवांच्या दरबारात मिरची? तेव्हा ती आपल्या देशात आलीसुद्धा नव्हती!" मुकुट घातलेल्या तिच्या नवऱ्याने शेला पुन्हा खांद्यावर घेतला. तिने डबी प्रथमोपचाराच्या पेटीत कोंबली.

दरवर्षी गडावर यादवांचा दरबार भरवणाऱ्या मंडळाने तिच्याकडे खरं तर फक्त जेवणावळ सोपवली होती. पण सैनिकांना धोतरं नेसवायला तीच, ढाल लागून सोललेल्या कोपरांना हळद लावायला तीच, आणि आमटीत मिरी कुटून घालायलाही तीच. दीडशे माणसं जेवली. फिकं फिकं म्हणत का होईना, पातेली रिकामी झाली.

शेवटची पंगत वाढप्यांची. ती टेकली तेव्हा शेजारच्या पानावर राजा येऊन बसला. तोही जेवायचा थांबला होता. त्याने तिला भात वाढला आणि पेटीतून आणलेली डबी तिच्यापुढे उघडली.

"पाहुणे गेले. आता खा. मिरचीशिवाय तुझा घास उतरत नाही."

"आणि तुम्ही?"

"मला कुठे चालतो ठेचा?"

तिचा हात थबकला. अल्सर झाल्यापासून सहा वर्षं त्याची बिनमिरचीची भाजी तीच वेगळी काढत होती. सकाळी झडती घेताना नेमकं तेवढंच ती विसरली होती.

"फारच तिखट आहे हो," पदराने डोळे पुसत ती म्हणाली. डबीतल्या ठेच्याला अजून तिचं बोटही लागलं नव्हतं.